न्यायसभेंतील चारुदत्त

मनुष्यानें स्वतःस हीन लेखूं नये, असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. परंतु त्याचें कारण सांगतांना ते बहुधा त्या मनुष्याच्याच हिताकडे पाहतात. त्यांत आणखी कोणाचा संबंध येतो, हें सहसा ध्यानांत घेतलें जात नाहीं. ज्यानें आपले गुण पारखून आपणांस थोर मानिलें, त्याच्या पारखेचाही तेथें प्रश्न असतो. आपण कवडीमोलाचे आहों असें म्हणणारा मनुष्य, नम्रतेच्या भरांत कां होईना, आपल्यावर प्रेम करणाऱ्यास अडाणी ठरवीत असतो. समाजानें एखाद्यास चिकटविलेल्या नांवाचेंही असेंच आहे. तें त्या एकट्यास लागत नाहीं. त्याच्या चाहत्यांसही लागतें, आणि अशा वेळीं चाहता काय बोलतो यावरून त्याच्या प्रेमाची परीक्षा होते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'कडे या दृष्टीनें पाहिलें असतां त्यांतील एक लहानसा प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

तो प्रसंग नवव्या अंकांतील आहे. वसंतसेनेच्या खुनाचा आळ राजाचा मेहुणा शकार यानें चारुदत्तावर घेतला आहे. न्यायाधीश चारुदत्तास मानानें आसन देतात आणि विचारतात कीं, ही गणिका आपली मैत्रीण काय? चारुदत्त लाजतो. गणिका आपली मैत्रीण आहे हें आपण कोणत्या तोंडानें सांगावें, अशा अर्थाचें बोलून तो सगळा दोष तारुण्याच्या माथीं मारतो आणि आपलें शील मात्र त्यांतून अलग काढतो. जी स्त्री भर वादळांत त्याच्या दारीं आली, जिनें त्याच्या मुलाच्या मातीच्या गाडींत आपले दागिने भरले, तिच्यावरचें प्रेम म्हणजे केवळ वयाचा अपराध! शकार ही संधि सोडीत नाहीं. हा लाजेनें किंवा भीतीनें खरें लपवीत आहे, असें तो लगेच सभेच्या मनांत भरवूं पाहतो.

चारुदत्ताच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं असें नाहीं. तो गृहस्थ आहे, ब्राह्मण आहे, उज्जयिनींतील प्रतिष्ठित पुरुष आहे. भरसभेंत असा प्रश्न आला असतां संकोच वाटणें हें त्या काळच्या शिष्टाचारास धरूनच होतें. पुढें वसंतसेनेवांचून जगणें त्यास नकोसें होतें, तेव्हां त्याचें प्रेम खोटें होतें असेंही कोणास म्हणतां येणार नाहीं. आमचा आक्षेप त्याच्या प्रेमावर नाहीं, त्याच्या लाजेवर आहे. तिला लागलेल्या शब्दाचा डाग आपल्यास लागेल, या भीतीनें त्यानें तिला कमी लेखिलें. आणि तिला कमी लेखिल्याबरोबर, तिची निवड करणारी आपली बुद्धीही कमी दर्जाची होती अशी कबुली त्यानें नकळत दिली.

वसंतसेनेचें वागणें याच्या उलट आहे. समाजानें चारुदत्तासही एक नांव दिलेलें आहे: दरिद्री. दुसऱ्या अंकांत तिची दासी मदनिका तिला आठवण देते कीं, तो तर निर्धन आहे. वसंतसेना तें नाकारीत नाहीं आणि लाजतही नाहीं. तो निर्धन आहे म्हणूनच आपल्या प्रेमास कोणी नांवें ठेवूं शकणार नाहीं, असें तिचें उत्तर आहे. चारुदत्ताचें दारिद्र्य हें तिच्या प्रेमाच्या खरेपणाची साक्ष ठरतें. तिकडे तो मात्र त्याच दारिद्र्यामुळें स्वतःस मेल्याहून मेला समजतो. ठेवीचे दागिने चोरीस गेले हें आपण गरीब असल्यामुळें कोणासही खरें वाटणार नाहीं, या चिंतेनें तो व्याकुळ होतो. मैत्रेयासारखा मित्र, धूतेसारखी पत्नी आणि वसंतसेनेसारखी प्रेयसी यांनीं ज्यास थोर मानिलें, त्यानें स्वतःची किंमत सावकाराच्या वहीवरून ठरवावी, हा त्या तिघांवरही अन्यायच होय.

न्यायसभेंत या गुणज्ञतेची लाज राखते ती वसंतसेनेची आई. तिच्या मुलीच्या खुनाचाच तो खटला आहे. तरीही ठेवीच्या मोबदल्यांत ज्यानें बहुमोल रत्नमाला पाठविली तो क्षुल्लक द्रव्यासाठीं असें दुष्कृत्य कसें करील, असें ती निक्षून विचारते. मैत्रेयाजवळचे दागिने सभेंत खालीं पडतात तेव्हां ते तेच आहेत असें ती सांगत नाहीं. आपल्या मुलीची पारख खोटी नव्हती, एवढें तिला पुरेसें आहे.

शेवटच्या अंकांत नवा राजा आर्यक वसंतसेनेस 'वधू' ही पदवी देतो. तिच्यामुळें तिला कुलस्त्रीचा दर्जा मिळतो, आणि व्यवहारांत त्याची किंमत मोठी आहे हें आम्ही अमान्य करीत नाहीं. परंतु राजाच्या आधीं घरानें तिला नांवें दिलेलीं आहेत. रदनिकेनें रोहसेनास ती तुझी आई आहे म्हणून सांगितलें; आई असेल तर अंगावर दागिने कसे, असें त्या पोरानें विचारतांच तिनें ते उतरविले. धूतेनें तिला बहीण म्हटलें. राजाची पदवी या सर्वांच्या मागून येते. भासाच्या नांवावर असलेल्या चार अंकी 'चारुदत्त' नाटकांत न्यायसभाही नाहीं आणि ही पदवीही नाहीं. तेव्हां हा प्रश्न शूद्रकानें मुद्दाम पुढें आणिला, असें आम्हांस वाटतें.

हें नाटक देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणिलें आणि पुढें बालगंधर्वांनीं वसंतसेनेची भूमिका केली. पुरुषानें वठविलेल्या त्या गणिकेस महाराष्ट्रानें प्रेमानें आपलें म्हटलें. परंतु ज्या घराण्यांतील स्त्रियांनीं प्रत्यक्ष गाणें जतन केलें, त्यांच्या बैठकींत मान डोलावून घरीं परतल्यावर त्यांचें नांव काढण्यास संकोचणारे रसिकही आपल्याकडे थोडे झाले नाहींत. त्या संकोचानें गाणारणीची योग्यता तिळभरही कमी झाली नाहीं. ऐकणाऱ्यास आपल्या कानांवर विश्वास नव्हता, एवढेंच त्यावरून सिद्ध झालें. न्यायसभेंतील चारुदत्तास हंसण्याचा अधिकार म्हणूनच आम्हांपैकीं फार थोड्यांस आहे. त्याचें उत्तर ऐकून मान खालीं घालण्याचें कारण मात्र अनेकांस आहे.