गल्लीत थांबलेले गाणे

हिपहॉप म्हटले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर सोन्याची साखळी, उलटी टोपी आणि शिवीगाळ येते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या व्हिडिओंत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे तुरुंग. आणि नेमकी तीच आपल्या मुंबईच्या रॅपमध्ये जवळजवळ दिसत नाही. हा फरक मला गेली काही वर्षे खटकतो आहे.

आधी तिकडचे पाहू. केंड्रिक लामारच्या 'ऑलराइट' (२०१५) या गाण्याचा व्हिडिओ कृष्णधवल आहे. गायक शहरावरून तरंगत जातो आणि शेवटी दिव्याच्या उंच खांबावर उभा राहतो. खालचा गोरा पोलीस बंदूक काढत नाही, नुसते बोट रोखतो. तेवढ्याने गायक कोसळतो. चाइल्डिश गॅम्बिनोच्या 'धिस इज अमेरिका'मध्ये (२०१८) झाडलेली बंदूक कापडात जपून घेतली जाते आणि मेलेल्या माणसाला मात्र फरफटत नेतात. दहा पानांच्या लेखाला जे साधणार नाही ते अशा एकेका हालचालीत साधले आहे. २०१६ च्या ग्रॅमी सोहळ्यात तर केंड्रिक साखळदंडांनी बांधलेल्या कैद्यांच्या रांगेतून मंचावर आला, आणि त्याचे वादक कोठडीत उभे राहून वाजवत होते. एका बक्षीस समारंभात हे झाले!

यामागे मोठा इतिहास आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला वाट ठेवली गेली. आज जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा पाच टक्क्यांहून कमी, पण जगातील कैद्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा त्या देशात आहे, आणि त्यात काळ्यांचे प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट. त्यामुळे तिथला गायक तुरुंगाविषयी बोलतो तेव्हा तो घरचेच बोलत असतो. अर्थात, याचा बाजारही झाला. कैद्याचा पोशाख फॅशन झाला, आत जाऊन आल्याची फुशारकी खपू लागली. ते आपण उचलावे असे कोणी म्हणणार नाही.

आता आपल्याकडे या. कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी या मुलाने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणे मित्रांच्या मदतीने आयपॅडवर चित्रित केले. पुढच्याच वर्षी डिव्हाइनबरोबर त्याचे 'मेरे गली में' आले. मुंबईच्या रॅपला जो चेहरा मिळाला त्यात एका मुस्लिम मोहल्ल्यातील मुलाचा वाटा मोठा आहे, हे आपल्या साहित्य संमेलनांत कधी तरी नोंदले जायला हवे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. काफिया म्हणजे काय हे समजावण्यात पूर्वी दोन तास जात. आता मुले माझ्या आधीच काफिया जुळवून मोकळी होतात. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस घालतो, शाहीर पोवाड्याच्या शेवटी नाव घालतो. रॅपर तेच काम पहिल्या ओळीत उरकतो, एवढाच फरक.

या व्हिडिओंत गल्ली आहे, पाण्याची पिंपे आहेत, श्रीमंत-गरिबातले अंतर आहे. धारावीच्या डोपअडेलिक्झ या गटाने तर पोलिसांच्या छळावर 'आई शप्पथ साहेब मी नव्हतो' असे गाणे केले. या शीर्षकातच अख्खी पोलीस चौकी उभी आहे. पण गाणे चौकीपाशी थांबते. चौकीनंतर रिमांड असतो, आरोपपत्र असते, बराक असते, तारखा असतात. तिथवर कॅमेरा जात नाही.

'गली बॉय' (२०१९) या चित्रपटात हे सर्वांत स्पष्ट दिसते. धारावीचा मुराद गातो, आणि त्याचा मित्र मोईन गाड्या चोरतो, गांजा विकतो. मोईन पकडला जातो, मार खातो, पण मित्राचे नाव सांगत नाही. मुराद त्याला भेटून येतो, आणि मग कॅमेरा मुरादच्या मागे मंचाकडे निघतो. मोईनवर कोणते कलम लागले, जामिनाला कोण उभे राहिले, याच्याशी चित्रपटाला कर्तव्य नाही. एकाचे गाणे वर जावे म्हणून दुसऱ्याने आत राहावे, हा सौदा दिग्दर्शिकेला फारसा टोचलेला दिसत नाही. याच चित्रपटात 'आझादी' हे गाणे आहे. डब शर्माच्या २०१६ च्या मूळ गाण्यात विद्यापीठातील घोषणा होत्या, मनुवादाचे नाव होते. चित्रपटात गरिबी राहिली आणि ते नाव गेले. कोणापासून आझादी हे न सांगता आझादी मागणे सोपे असते.

आपल्या भाषेत हे पूर्वी असे नव्हते. 'शाहीर' हा शब्दच 'शायर'वरून आला. बार्शीचे मेहबूब पटेल लालबाग-परळच्या गिरणगावात अमर शेख झाले. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत १९४४ मध्ये त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले, आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. अण्णाभाऊंनी अमळनेरच्या गोळीबारावर पोवाडा रचला, पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर रचला. पोवाड्यात गावाचे नाव असते, मारणाऱ्याचे असते, मेलेल्याचेही असते. पुण्याच्या कबीर कला मंचाने ही वाट सोडली नाही. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर गाणी म्हणत पोलिसांच्या स्वाधीन झाले. सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जामीन दिला, आणि २०२० मध्ये ते पुन्हा आत गेले. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये (२०११) या मंडळींना गाताना पाहिले की कळते, त्यांच्यापाशी कॅमेऱ्याची करामत नव्हती, पण सांगायचे काय हे पक्के ठाऊक होते.

हीच फूटपट्टी मी रॅपला लावते. तुरुंग काही दूर नाही. लालबागहून सातरस्त्याकडे चालत निघाले तर आर्थर रोड येतो. रस्त्याला आता सानेगुरुजींचे नाव आहे. १९२६ चा हा तुरुंग ८०४ कैद्यांसाठी बांधलेला, आणि वर्षानुवर्षे आत त्याच्या कित्येक पट माणसे. बाहेर मुलाकातीसाठी पिशव्या घेऊन आलेल्या बाया. देशात २०२२ अखेर ५,७३,२२० कैदी होते, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून अधिक. महाराष्ट्राच्या तुरुंगांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे, हे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी अभ्यास करून २०१३ मध्ये मांडले. रॅपरांच्या गल्लीतलीच ही मुले.

मग गाणे का नाही? भीती हे कारण आहेच. २०२३ मध्ये राज मुंगासे याने पन्नास खोक्यांवर मराठी रॅप केले तर गुन्हा दाखल झाला. तिथे विषय पक्षांतराचा होता. शेख-अन्सारी आडनावाच्या मुलाने मोक्कावर गाणे केले तर काय होईल, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पण सगळा दोष भीतीवर ढकलून चालणार नाही. आपल्या मोहल्ल्यात कैद्याचे नाव घेत नाहीत. 'गाव गया है' म्हणतात, कारण घरात बहिणीचे लग्न व्हायचे असते. अमेरिकेतील काळ्या माणसाने तुरुंगाची शरम त्या राज्याच्या तोंडावर फेकली. आपण ती उशाखाली ठेवून झोपतो.

ही शरम मोडली ती गद्याने, गाण्याने नाही. मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात नऊ वर्षे आत राहिले आणि २०१५ मध्ये निर्दोष सुटले. आत असताना त्यांनी 'बेगुनाह कैदी' लिहिले. त्याच खटल्यातील उरलेल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. बारांपैकी कमाल अन्सारी २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारले होते. त्यांची सुटका फक्त कागदावर झाली. ११ जुलै २००६ च्या त्या संध्याकाळी १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. त्यांच्या घरच्यांनाही एकोणीस वर्षांनंतर खरा गुन्हेगार कोण हे कळलेले नाही. एवढा ऐवज एखाद्या जुन्या शाहिराच्या हाती लागता तर त्याने कामगार मैदानावर दोन तास डफ खाली ठेवला नसता. आमच्या रॅपरांपैकी कोणी यावर गाणे केल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

गेल्या वर्षी नववीच्या एका मुलाच्या वहीत मागच्या पानावर सोळा ओळी सापडल्या. रदीफ होता 'तारीख'. मामूची तारीख, वकिलाची तारीख, ईदच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. वजन एक-दोन ठिकाणी ढळले होते, पण व्हिडिओत पाहिलेली एकही पोझ त्यात नव्हती. याचा व्हिडिओ काढणार का, असे विचारले. म्हणाला, "नहीं टीचर, अम्मी ने मना किया है."