‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ : मराठी साहित्यातील पालकाच्या अपेक्षेची चिकित्सा

मराठीतील ‘शिकणे’ हे क्रियापद व्याकरणदृष्ट्या काहीसे हट्टी आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ मराठीत सामान्यतः कर्माच्या तंत्राने चालतो : ‘मुलाने धडा वाचला’, ‘मुलाने कविता लिहिली’. ‘शिकणे’ मात्र कर्म जवळ असूनही कर्त्याचा पदर सोडीत नाही. ‘मुलगा गणित शिकला’, ‘मुलगी गणित शिकली’. शिकणारा येथे प्रथमेत राहतो आणि क्रियापद त्याच्याच लिंगवचनाचे अनुसरण करते. ह्याच धातूला प्रयोजकाचा ‘व’ लागला की चित्र पालटते. ‘वडिलांनी मुलाला गणित शिकवले’ ह्या वाक्यात मुलाचे कर्तेपण जाऊन तो ‘ला’ ह्या प्रत्ययाच्या आश्रयास येतो. ही केवळ रूपप्रक्रिया आहे आणि तिच्यातून समाजशास्त्र काढणे धाडसाचे होईल, असा आक्षेप घेता येईल. परंतु ‘शिकवणे’ ह्या रूपाचा एक विशेष प्रयोग असा आहे की, तो लक्षात घेतल्यावाचून आपल्या साहित्यातील पालक नीट कळत नाही.

अक्षरओळख नसलेला शेतकरी ‘मी तिन्ही पोरांना शिकवले’ असे म्हणतो, तेव्हा त्याचे विधान खोटे नसते. शिक्षकाचे ‘शिकवणे’ म्हणजे ज्ञान देणे; पालकाचे ‘शिकवणे’ म्हणजे फी भरणे, शेतातील एक हात कमी करणे, कर्ज काढणे, पहाटे उठवणे, अभ्यासाला बसवणे, परीक्षेला बसवणे. ही सारी प्रयोजक रूपेच आहेत. मूल उठते, पण त्याला उठवलेले असते. ते बसते, पण त्याला बसवलेले असते. पालकाच्या त्यागाला आणि पालकाच्या दडपणाला मराठीने एकच क्रियापद दिले आहे. ‘तुला शिकवले ते ह्याचसाठी काय ?’ हा प्रश्न कोणत्याही मराठी घरात निराळ्या स्पष्टीकरणाशिवाय कळतो, तो ह्यामुळेच.

मराठी समीक्षेने ह्या विषयाची दखल एकत्रितपणे घेतलेली दिसत नाही. त्याचे कारण वर्गीकरणाच्या सवयीत आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) अस्तित्ववादाच्या कप्प्यात गेली, आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) ग्रामीण साहित्यात बसली, नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) दलित आत्मकथनांत मोजले गेले, आणि महेश मांजरेकर यांचा ‘शिक्षणाच्या आईचा घो’ (२०१०) हा चित्रपट असल्याने साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे पाहण्याचे कारण उरले नाही. वस्तुतः ह्या चारही कृती एकच प्रश्न विचारतात : मुलाच्या शिक्षणाचे क्रियापद कोणाचे ?

‘झोंबी’चे उत्तर सर्वांत अनपेक्षित आहे. कागलच्या त्या घरात दडपण आहे, पण ते उलट्या दिशेचे. बापाला मुलगा शाळेत नको, मळ्यावर हवा आहे. आनंदाला शिकावयाचे आहे आणि त्याला शिकवणारा घरात कोणी नाही. आई त्याच्या बाजूची असली तरी तिला नवऱ्यासमोर उभे राहण्याचे बळ नाही. म्हणून मायलेक गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव यांच्याकडे जातात आणि त्यांच्या तोंडून बापाला दटावून घेतात. बाप कबूल होतो, पण सकाळी मळ्यावरचे काम आटोपूनच शाळेत जायचे अशी अट घालतो. म्हणजे येथे बापालाच कोणीतरी ‘कबूल करवावे’ लागले आहे. प्रयोजक रूप मुलाऐवजी बापावर चालले आहे. ‘शिकणे’ ह्या धातूचे मूळचे हट्टी कर्तृत्व मराठी गद्यात इतक्या शुद्ध स्वरूपात अन्यत्र क्वचितच सापडेल. १९९० मध्ये ह्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ‘जूझ’ ह्या नावाने ते हिंदीत गेले, तेव्हा त्यातील गरिबीची आणि जिद्दीची पुष्कळ प्रशंसा झाली. त्या जिद्दीची किंमत काय, हा प्रश्न मात्र बाजूस राहिला.

ही किंमत पुस्तकाच्या भाषेतच नोंदवलेली आहे. ‘झोंबी’तील माणसे बोलतात ती कागल परिसराच्या बोलीत, निवेदन मात्र प्रमाणभाषेच्या जवळ जाते. यादवांना बोलीत सबंध कादंबरी लिहिता येत नव्हती असे मुळीच नाही. ‘गोतावळा’ (१९७१) मध्ये नारबाचे सारे निवेदन त्यांनी बोलीतच केले आहे. पण नारबा हा शेतगडी आहे, शिकलेला नाही. शिकलेला आनंदा जेव्हा स्वतःची कथा सांगतो, तेव्हा बापाची भाषा अवतरणचिन्हांच्या आत जाते. मुलाचे यश प्रत्येक पानावर दिसते, आणि ते दिसते बापापासून पडलेल्या ह्या अंतराने. लेखकाने हे हेतुपूर्वक केले की ते घडून गेले, हे ठरविण्याचे साधन नाही. त्याची फारशी आवश्यकताही नाही.

‘आमचा बाप आन् आम्ही’ मधील बाप हा नेमका दुसऱ्या टोकाचा. मुंबई पोर्ट ट्रस्टमधील हा कामगार डॉ. आंबेडकरांच्या शिकवणीने पेटलेला आहे आणि मुलांनी शिकलेच पाहिजे हा त्याचा ध्यास आहे. तो मुलाला डॉक्टर हो, साहेब हो असे सांगत नाही. काहीही हो, चोर झालास तरी चालेल, पण त्यातही सर्वांच्या वर असला पाहिजेस, अशा आशयाचा त्याचा उपदेश प्रसिद्ध आहे. बहुतेक वाचकांना ह्यात बापाचे औदार्य दिसते. ते आहेच. परंतु ह्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा जड आहे. दिशा मोकळी ठेवली आहे, उंची मात्र ठरवून दिली आहे. ‘डॉक्टर हो’ ह्या आज्ञेला डॉक्टर झाल्यावर विराम मिळतो; ‘सर्वांच्या वर राहा’ ह्या आज्ञेला विराम नाही.

ह्या आत्मकथनाचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळेच्या बाहेर ठेवले, त्यांच्या घरातील आग्रह आणि ज्यांच्या घरी पुस्तके आपोआप येत होती, त्यांच्या घरातील आग्रह ह्यांना एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होईल. पहिला आग्रह हा इतिहासाशी केलेला झगडा आहे. तरीही पद्धतीच्या दृष्टीने एक शंका उरते. नरेंद्र जाधव अर्थशास्त्रज्ञ झाले, २००६ ते २००९ ह्या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. अशा मुलाने बापाच्या कठोरपणाकडे मागे वळून पाहिले की तो कठोरपणा कृतज्ञतेच्या प्रकाशात उजळून निघतो. यशस्वी मुलाचे आत्मकथन ही दडपणाविषयीची साक्ष म्हणून अपुरी आहे, कारण ज्याच्यावर तेच दडपण आले आणि जो वर पोहोचला नाही, तो बहुधा आत्मकथन लिहीत नाही. समीक्षेने आत्मकथनांचे इतके ढीग उपसले, पण ह्या एकतर्फी पुराव्याचा विचार केला नाही.

न पोहोचलेल्याची साक्ष मराठीला मिळाली ती कादंबरीतून. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकावयास जातो, बापाचे पैसे खर्च करतो, वसतिगृहात नाटके आणि मेस अंगावर घेऊन तोट्यात जातो आणि पदवीवाचून सांगवीला परततो. ‘कोसला’तील ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ ह्या शब्दांवर बरेच लिहिले गेले आहे. त्यांना तुटलेपणाची, उपरोधाची चिन्हे मानले गेले. परंतु हे शब्द मुळात कोठले ? ‘उदाहरणार्थ’ हा वर्गातला शब्द आहे, क्रमिक पुस्तकातला आणि उत्तरपत्रिकेतला. ज्या शिक्षणात पांडुरंग नापास ठरला, त्याच शिक्षणाची भाषा तो वाकवून वापरतो. आणि ‘वगैरे’ हा यादी अपुरी सोडणारा शब्द आहे. अपेक्षांची यादी नेहमी पुरी असते : शाळा, कॉलेज, पदवी, नोकरी, लग्न. त्या यादीच्या शेपटाला ‘वगैरे’ लावले की तिचा धाक जातो. ‘कोसला’तील बापाला समीक्षकांनी बहुधा व्यवहारी, रुक्ष गृहस्थ म्हणून सोडून दिले. हिशेब मागणारा बाप हा खलपुरुष नव्हे. मुलाला ‘शिकवण्या’चा व्यवहार त्याने त्याला येणाऱ्या एकमेव भाषेत, म्हणजे पैशाच्या भाषेत, केला आहे. पांडुरंगाचा राग त्या बापावर जितका आहे, तितकाच त्या बापाला दुसरी भाषा न देणाऱ्या घरावर आहे.

‘शिक्षणाच्या आईचा घो’ विषयी थोडक्यातच सांगता येईल. शीर्षकावरून त्या वेळी वाद झाला. ‘घो’ म्हणजे मालवणीत व कोकणीत नवरा, एवढे समजले तरी त्या शिवीचे वजन कमी होत नाही. चित्रपटातील निम्नमध्यमवर्गीय बाप अभ्यासात मागे आणि क्रिकेटमध्ये पुढे असलेल्या मुलाला मारतो, मुलगा बेशुद्धावस्थेत जातो, आणि पुढे तो बाप शिक्षणपद्धतीविरुद्ध उभा राहतो. कथेचा पूर्वार्ध प्रामाणिक आहे. उत्तरार्धात मात्र हात बापाचा आणि दोष पद्धतीचा असा निवाडा होतो. शिवी शिक्षणाला दिली की घर सुटते. शिवाय मुलाला क्रिकेटमध्ये असामान्य ठरवून चित्रपटाने प्रश्नच सोपा केला आहे. जो अभ्यासातही सामान्य आणि खेळातही सामान्य, अशा मुलाच्या बाजूने बोलण्याची त्याची तयारी नाही. मुलाला गुणांवाचून मोल आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्याला दुसऱ्या मैदानातले गुण द्यावे लागले.

आता एका विशिष्ट प्रदेशाकडे वळले पाहिजे, कारण वरील चारही कृतींत जी गोष्ट अर्धवट आली आहे ती तेथे उघडी दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा ह्या नद्यांच्या मधल्या टापूत, तेलंगणाच्या सीमेलगत आहे. झाडीबोली, गोंडी आणि तेलुगू ह्यांचे शेजार तेथे जुने आहेत. ह्या भागात शैक्षणिक यशाची पहिली मोठी कसोटी दहावी-बारावीला नव्हे, दहा-अकराव्या वर्षीच येते. इयत्ता सहावीच्या प्रवेशासाठी होणारी नवोदय विद्यालयाची निवडपरीक्षा ही ती कसोटी होय. चंद्रपूर जिल्ह्याचे नवोदय तळोधी (बाळापूर) येथे, गडचिरोलीचे घोट येथे. शिक्षण व निवास मोफत, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, आणि एका विद्यालयात प्रवेश साधारणतः ८० मुलांना. अल्पभूधारक बापाला ह्याहून मोठी संधी दुसरी दिसत नाही, आणि त्याने मुलामागे तगादा लावला तर त्याला दोष देणे कठीण आहे. पण एका जिल्ह्यात ८० मुले घेतली जातात, तेव्हा उरलेल्यांना आपण अपुरे ठरल्याचे ज्ञान पाचवीतच होते.

ह्या परीक्षेत मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा असे तीन भाग असतात. तिसरा भाग येथे महत्त्वाचा. झाडीबोलीत मूर्धन्य ‘ण’ नाही. ‘पाणी’ हे तेथे ‘पानी’ असते. ‘ळ’ च्या जागीही दुसरा ध्वनी येतो. ‘मी काम केलो’ ह्यासारख्या रचनेत क्रियापद कर्त्याबरोबर चालते, म्हणजे प्रमाणभाषेने ‘शिकणे’ला जी सवलत अपवाद म्हणून दिली, ती ह्या बोलीने पुष्कळ क्रियापदांना दिली आहे. भाषाशास्त्राला ही एक सुसंगत व्यवस्था दिसते. वहीवर मात्र तिच्याभोवती लाल वर्तुळ पडते. त्यामुळे महत्त्वाकांक्षी पालकाच्या दडपणाचा पहिला हप्ता गणितात नव्हे, उच्चारात वसूल होतो. आजीशी बोलावयाची भाषा मुलाने सोडावी, अशी अपेक्षा त्या आजीचाच मुलगा करू लागतो. मंद मुलाला मराठीत ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत ह्या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही म्हणून तसे म्हणू लागले, अशी उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यातील गृहीत लक्षणीय आहे : जे बदलत नाही ते मंद. बोली न सोडणारे मूल त्याच न्यायाने ‘ढ’ ठरते.

गोंडी घरात हे अंतर दुप्पट होते, कारण तेथे बोलीभेदाचा नव्हे, भाषाकुलाचाच भेद आहे. गोंडी द्राविड कुलातील. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. १९५६ मध्ये संविधानात आलेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयी बोलतो. त्याच्या आधारे गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने पुढे ती अनधिकृत ठरवली आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. येथे पालकांनी मुलांना शिकवण्याचा आग्रह सोडलेला नाही. त्या आग्रहाची भाषा त्यांनी बदलली आहे. शिक्षणाचा सोस आणि घरच्या भाषेचा त्याग ह्या दोन गोष्टी एकमेकींस बांधलेल्या नाहीत, ह्याचे हे उदाहरण म्हणून नोंदविण्याजोगे आहे.

ह्या पार्श्वभूमीवर ‘आमचा बाप आन् आम्ही’ कडे पुन्हा पाहिले असता त्यातील एक तपशील निराळा दिसू लागतो. निवृत्तीनंतर स्वस्थ न बसणाऱ्या बापाला मुलाने आठवणी लिहावयास बसवले आणि त्या लिखाणातूनच पुस्तकाचा पाया रचला गेला. आयुष्यभर मुलांना बसवणारा बाप येथे स्वतः बसवला गेला आहे. मात्र त्याला त्याच्याच भाषेत लिहू दिले गेले, आणि शीर्षकातील ‘आन्’ हा शब्द ‘आणि’ असा शुद्ध करण्यात आला नाही. गोंडपिपरीच्या शाळेत हाच शब्द कोणी वहीत लिहिला, तर तो एका गुणाची चूक ठरेल. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात तेच पुस्तक नेमले जाते, तेव्हा त्या शब्दावर टिपण काढावे लागते.