व्यसनमुक्तीची वही : कबुलीजबाब की पंचनामा?

दलित आत्मकथनांत दारू जागोजागी भेटते. पण पिणारा माणूस स्वतःच्या तोंडाने क्वचितच बोलतो. तो कुणाचा बाप असतो, कुणाचा नवरा, कुणाचा चुलता. त्याच्याविषयी मुलगा लिहितो, बायको सांगते. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) दारूपायी संपलेला बाप आहे, तो आपल्याला मुलाच्या नजरेतून दिसतो. त्याच पुस्तकाची रचना मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसातला सोसणारा बोलतो आणि लिहिणारा ऐकतो. बापाच्या वाट्याला असा ऐकणारा आला नाही. तो आपल्या साहित्यात तृतीयपुरुषी राहिला.

व्यसनातून बाहेर पडणाऱ्याने रोज चार ओळी लिहाव्यात, असे आज अनेक उपचारपद्धती सांगतात. ह्या वहीला समीक्षक लेखन मानत नाहीत आणि कार्यकर्ते राजकारण मानत नाहीत. माझ्या मते ती दोन्ही आहे. म्हणूनच ही वही कोणत्या नमुन्यावर आखलेली आहे, हे तपासले पाहिजे.

ह्यातला सर्वांत प्रसिद्ध नमुना ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी ही चळवळ 1935 साली अमेरिकेत सुरू केली. तिच्या बारा पायऱ्या 1939 च्या मूळ पुस्तकात आल्या. चौथ्या पायरीवर माणसाने न भिता स्वतःची नैतिक झडती घ्यायची. पाचवीवर ती ईश्वरापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे कबूल करायची. दहावीवर ही झडती पुढेही चालू ठेवायची. दुकानदार माल मोजून खराब माल बाजूला काढतो, तशी ही मोजणी आहे. त्यासाठी पुस्तकात रागाचा एक तक्ताच दिला आहे. राग कोणावर, कशामुळे, आणि त्याने माझ्या कशाला धक्का बसला, असे तीन रकाने. मग समोरच्याची चूक बाजूला ठेवून आपली चूक शोधायची. कारण मनात साठलेला राग पिणाऱ्याला पुन्हा बाटलीकडे नेतो. ह्या शहाणपणाने असंख्य माणसे सावरली आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही.

पण तो तक्ता नीट वाचावा. रागाच्या यादीत माणसांबरोबर संस्था आणि तत्त्वेही येऊ शकतात, असे पुस्तक म्हणते. नमुन्यादाखल मात्र तिथे माणसेच आहेत : दोन परिचित, मालक आणि पत्नी. मालकावर राग का, तर दारू पिण्यावरून आणि खर्चाचा हिशेब फुगवण्यावरून तो कामावरून काढण्याची धमकी देतो. हिशेब फुगवता येईल अशी नोकरी ज्याच्या हाती आहे, त्याचे हे जग आहे. ज्याच्या आईला पाणवठ्यावर ताटकळत ठेवले, ज्याला वर्गात दाराशी बसवले, त्याने पहिल्या रकान्यात कोणाचे नाव लिहावे? पाटलाचे? मास्तरांचे? आणि ते लिहून झाल्यावर ‘आता ह्यात तुझी चूक शोध’ असे त्याला सांगायचे काय? दोष तुझ्यातच आहे, हे वाक्य त्याला नवे नाही. पूर्वजन्मीच्या पापाचा सिद्धान्त त्याला पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवत आला आहे. अशा माणसाची झडती सहज कबुलीजबाब होऊन बसते.

दुसरा नमुना मानसशास्त्रातून आला. अॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी व्यसनातली घसरण कशी टाळावी, ह्यावर 1985 साली ग्रंथ काढला. ह्या विचारातल्या वहीत पापपुण्य नसते. तलफ किती वाजता आली, कुठे आली, सोबत कोण होते, मनात काय होते, आणि मी काय केले, एवढेच लिहायचे. हा पंचनामा आहे. वरवर रूक्ष वाटणारा हा नमुना मला आपल्यासाठी अधिक मोलाचा वाटतो.

गटारात उतरणारा सफाई कामगार दारू का पितो, हे त्यालाच विचारावे. शुद्धीवर राहून ती घाण अंगावर घेता येत नाही, असे हे कामगार सांगत आले आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी केली. उतरणे थांबले नाही. अशा कामगाराने महिनाभर वही ठेवली आणि रोज तलफेची वेळ कामावर जाण्याआधीचीच निघाली, तर ती वही केवळ त्याच्या मनाविषयी बोलत नाही. ती कामाविषयी साक्ष देते. ती वाचून समुपदेशकाने ‘मन खंबीर कर’ एवढेच सांगितले, तर त्याने अर्धेच पान वाचले.

इथे एक धोकाही आहे, आणि तो आपण आपल्या लोकांना स्पष्ट सांगितला पाहिजे. ‘व्यवस्थेने मला प्यायला लावले’ हे वाक्य अर्धे खरे आहे. म्हणूनच ते दारूइतकेच चढते. जातीने त्याला मारले हे खरे. पण घरी येऊन बायकोला मारणारा हात त्याचाच होता. तिच्या मजुरीचे पैसे ट्रंकेतून त्यानेच काढले. हे व्यवस्थेच्या खात्यावर टाकता येणार नाही. वहीत दोन खाती हवीत : जे माझ्यावर लादले गेले ते, आणि जे मी दुसऱ्यावर लादले ते. एका खात्याने दुसरे फेडायचे नाही. ‘झडती’ हा शब्द दुसऱ्या खात्यापुरता मला पूर्ण मान्य आहे.

ईश्वरापुढच्या कबुलीचे काय? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. पण शील ही वरून आलेली आज्ञा नव्हे. तो माणसाने स्वतःहून स्वीकारलेला शिक्षणाचा नियम आहे. शिक्षण म्हटले की सराव आला, चुकणे आले, पुन्हा बसणे आले. शील मोडले म्हणजे धम्मातून बाद झालो, असे समजून कित्येकजण विहाराकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी ही वही सरावाची वही ठरू शकते. तिला ईश्वर लागत नाही. एक विश्वासाचा माणूस पुरेसा आहे. मात्र तो कोण, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. ज्याच्या घरावर आणि अंगावर कायम दुसऱ्यांची नजर राहिली, त्याची वही तरी त्याच्या परवानगीवाचून कुणी उघडू नये. ज्याला लिहिता येत नाही, त्याने कॅलेंडरच्या चौकोनात खूण करावी आणि त्या माणसाला तोंडी सांगावे. तीही रोजनिशीच.

साहित्याच्या दृष्टीने ह्या वहीचे वेगळेपण एकाच गोष्टीत आहे. आत्मकथन लिहिणारा पैलतीरावरून मागे पाहतो. आपण वाचलो, हे त्याला ठाऊक असते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचे ठाऊक नसते. म्हणून तिच्यात ऐट कमी आणि पुनरुक्ती फार. ‘आज प्यायलो नाही’ हे वाक्य तीस दिवस तीस वेळा येते आणि एकतिसाव्या दिवशी येत नाही. ह्या पुनरुक्तीला कंटाळवाणी म्हणणारी समीक्षा प्रस्थापितांच्या अभिरुचीची आहे. जिवावर उदार होऊन लिहिलेले ते वाक्य आहे.

आपल्या चळवळीतले किती कार्यकर्ते, किती कवी दारूने गेले, हे आपण सारे जाणतो. शोकसभेत आपण ‘अल्पशा आजाराने’ म्हणतो आणि अध्यक्षांचे आभार मानून उठतो. बदनामी करायला टपलेल्या समाजात हे मौन समजण्यासारखे आहे. पण ह्या मौनाने एकही माणूस वाचलेला नाही. विद्यार्थ्यांना आपण विद्रोहाची कविता शिकवतो. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी, कुणाच्या खोलीवर ही वही आज लिहिली जात असेल. ती प्रसिद्ध व्हावी, असे मी म्हणत नाही. ती लिहिणाऱ्याला आपण आपला लेखक मानावे, आणि तो जिवंत असतानाच मानावे, एवढेच माझे म्हणणे आहे.