सामूची ओळ

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठच्या वस्तीत, बोअरचं पाणी तपासून घेतलं की हाती एक कागद येतो. त्यातली एक ओळ, समजा, अशी असते : ‘सामू 8.2’. सामू म्हणजे पीएच, पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा. शेजारी पिण्याच्या पाण्याची मर्यादा असते, 6.5 ते 8.5. आकडा मर्यादेत बसला की कागदाची घडी कपाटात जाते. खरं तर एवढी घट्ट विणीची ओळ दोनदा वाचायला हवी.

तिची पहिली खुबी काटकसरीत आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या पदरी, सोरेन सोरेनसन यांनी 1909 साली ही मोजणी मांडली. शुद्ध पाण्यात 25 अंश सेल्सिअसला हायड्रोजन आयन असतात लिटरमागे एका मोलचा एक कोटीवा भाग. शून्यांच्या त्या रांगेतून सोरेनसन यांनी घातांक तेवढा उचलला : 7. म्हणून आकडा चढला की आयन घटतात, आणि तेही पायरीगणिक दहापटीने. 8.2 आणि 8.5 दिसायला शेजारी, पण त्या 0.3 मध्ये आयन निम्मे होतात. दशांशचिन्हापुढचा आकडा इथे शोभेचा नाही.

ही ओळ डोळ्यांनी पाहायची तर हळद घ्यावी. सदऱ्यावर सांडलेल्या वरणाचा पिवळा डाग साबण लागताच लाल होतो आणि भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा पडतो. हळदीतलं कर्क्युमिन साधारण 7.4 ते 8.6 या टप्प्यात रंग बदलतं. स्वयंपाकघरात सामूच्या मोजपट्टीची दोन्ही टोकं सापडतात : लिंबाचा रस 2 च्या आसपास, चुन्याची निवळी 12 च्या वर. दूध 6.6 ला असतं; विरजणाने ते 4.6 कडे उतरलं की केसीन एकत्र येतं आणि दही लागतं.

कारखान्यात या ओळीवर पैसा अडकलेला असतो. सरकीचं तेल कॉस्टिक सोडा घालून शुद्ध करतात, मग पाण्याने धुतात. धुवणाचा सामू उतरला की सोडा निघाल्याचं कळतं. पारसच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणी बॉयलरचं पाणी अल्कधर्मी ठेवावं लागतं, नाहीतर पोलाद झिजतं. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला 5.5 ते 9 ची मर्यादा आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरिनही सामूच्या मर्जीने चालतं : जंतू मारणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाचा वाटा 7.5 ला निम्म्याच्या घरात, तर 8.5 ला जेमतेम दहावा हिस्सा.

पण वऱ्हाडात ही ओळ जे सांगत नाही, तेच जास्त मोलाचं आहे. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराच्या अभिषेकाला गांधीग्रामहून कावडीने पाणी येतं ते पूर्णा नदीचं. त्याच पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथलं भूजल खारं लागतं, आणि खारं म्हणजे सामू जास्त, असं सहज धरलं जातं. पण मिठाचं पाणी कितीही खारट केलं तरी सामू 7 च्याच आसपास राहतो. खारटपणा मुख्यतः क्लोराईडचा. सामू चढतो तो कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे. त्यामुळे सामू मर्यादेत आणि पाणी तरी पिण्याजोगं नाही, असं होऊ शकतं. त्याचा उलगडा दुसऱ्या ओळीत होतो : विद्युत वाहकता, जी विरघळलेल्या क्षारांबरोबर वाढते.

मातीच्या अहवालात तर या दोन ओळी एकमेकींचा अर्थ लावतात. वाहकता जास्त, सामू 8.5 च्या आत : जमीन खारवट, निचरा काढून चांगल्या पाण्याने क्षार धुवायचे. वाहकता कमी, सामू 8.5 च्या पुढे : जमीन चोपण असण्याचा संभव, आणि तिला जिप्सम लागतं. चोपण जमीन नुसती धुतली तर आणखी बिघडते, कारण सोडियम कणांना धरून राहतो, कण सुटे होतात आणि पाणी मुरेनासं होतं. एकाच ओळीवर विसंबलं तर उपचार उलटतो.

म्हणून सामू एकटा वाचू नये. प्यायच्या पाण्याचा अहवाल असेल तर सोबत एकूण विरघळलेल्या क्षारांचा आकडा पाहावा, शेताचा असेल तर वाहकतेचा; जिप्समच्या पोत्यांचा हिशेब त्यानंतर करावा.