कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

“संशोधनाला सुरुवात करण्याआधी एखादा तरी पेपर नीट वाचायचा, तर कोणता वाचू?” हा प्रश्न ज्युनिअर्सकडून मला नेहमी येतो. मत्स्यविज्ञानात येणार असाल तर माझं उत्तर ठरलेलं आहे. डॅनियल पॉली आणि डर्क झेलर यांचा, जानेवारी २०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेला, जगाच्या सागरी मासेमारीच्या आकड्यांची पुनर्रचना करणारा पेपर.

तो पूर्णपणे बरोबर आहे म्हणून मी सुचवत नाही. त्यातला काही भाग भक्कम आहे, काही भाग ढिला आहे, आणि कुठला भाग कुठला हे ओळखता येणं हीच आपल्या कामाची निम्मी शिकवणी आहे. म्हणून आज त्या पेपरबद्दल, थोडं कौतुक आणि बरीचशी भांडणं.

आधी पेपर काय म्हणतो ते पाहू. जगात दरवर्षी किती मासळी पकडली जाते, याचे आकडे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, १९५० पासून ठेवते. पण ती स्वतः मोजत नाही. प्रत्येक देश आपापले आकडे पाठवतो. पॉली-झेलर आणि त्यांच्या शेकडो सहकाऱ्यांनी देशागणिक बसून विचारलं, की या आकड्यांत काय राहून गेलंय? घरी खाण्यापुरती केलेली मासेमारी, लहान होड्यांची मासळी, हौशी गळकरी, बेकायदा मासेमारी आणि जाळ्यात येऊन समुद्रात परत फेकलेली मासळी. हे सगळं अंदाजाने धरून १९५० ते २०१० चे आकडे त्यांनी नव्याने मांडले.

निष्कर्ष दोन. एक, खरी पकड नोंदीपेक्षा सुमारे ५३ टक्के जास्त आहे. १९९६ या शिखराच्या वर्षी नोंद होती ८.६ कोटी टन, तर यांच्या हिशेबाने १३ कोटी टन. दोन, त्यानंतरची घसरणही नोंदीत दिसते त्यापेक्षा तीव्र आहे. एफएओच्या आकड्यांत ती वर्षाला ३.८ लाख टन दिसते, यांच्या आकड्यांत सुमारे १२ लाख टन.

या मागचा मूळ मुद्दा फार साधा आहे. माहिती नसलेल्या ठिकाणी आपण काहीच लिहित नाही. तक्त्यात तो रकाना कोरा राहतो. मग कुणीतरी बेरीज करतो, आणि बेरजेत कोऱ्या रकान्याचं शून्य होतं. “माहीत नाही” याचं “नाही” कधी झालं, ते कुणालाच कळत नाही. पॉली यांचं म्हणणं असं, की शून्य हाही अंदाजच आहे, आणि तो सगळ्यात वाईट अंदाज आहे. कारण घरच्या खाण्यासाठी कुणीच मासे पकडत नाही असा किनारा जगात सापडणं कठीण.

हे मला पुस्तकात वाचून पटलं नव्हतं, हेही कबूल करते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी मी मासळीच्या नोंदी घेत होते. बंदरावर बसायचं, होड्या आल्या की टोपल्या मोजायच्या, प्रजाती लिहायच्या. माझ्या तक्त्यात ‘शिंपले’ असा एक रकाना होता. तो महिनाभर कोरा राहिला, आणि गाइडला फाइल पाठवायच्या घाईत मी तिथे सरळ शून्य भरून टाकलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी सहज पलीकडच्या काठाला गेले, तर दहा-बारा बायका गुडघाभर चिखलात बसून तिसऱ्या काढत होत्या. एका मावशींना विचारलं, रोज येता का? त्या म्हणाल्या, “रोज म्हणजे? ओहोटी असेल तेव्हा. तू बसतेस बंदरावर, आम्ही हितं चिखलात. मग कशा दिसणार गो तुला?”

त्या तिसऱ्या बंदरावर येतच नव्हत्या. काही घरी जात होत्या, काही थेट बाजारात वाट्याने विकल्या जात होत्या. चूक माझ्या मोजण्यात नव्हती, मी कुठे बसून मोजते यात होती. उद्या त्या खाडीवर एखादा प्रकल्प आला आणि “इथे मासेमारी किती होते?” असं कुणी विचारलं, तर माझी फाइल सांगणार होती की शिंपले शून्य. त्या बायकांची नुकसानभरपाईही शून्य. फाइल परत मागवून मी तो रकाना पुन्हा कोरा केला आणि शेजारी लिहिलं, ‘पाहिलं नाही’. माझ्या प्रबंधातल्या सगळ्यात प्रामाणिक दोन शब्दांपैकी ते आहेत.

म्हणजे पेपरच्या मूळ भूमिकेला माझा पाठिंबा आहे. आता भांडणं.

पहिलं भांडण व्याख्येचं. एफएओचे आकडे हे बंदरावर उतरलेल्या मासळीचे असतात. समुद्रात परत फेकलेली मासळी त्यांच्या व्याख्येतच बसत नाही, आणि हे ते लपवत नाहीत. पॉली-झेलर यांच्या आकड्यात मात्र ती धरलेली आहे. मग दोघांमधला सगळा फरक ‘नोंद न झालेली मासळी’ म्हणून मोजायचा, हे थोडं अन्यायाचं. एफएओच्या शास्त्रज्ञांनी पुढे लेखी उत्तर दिलं, त्यातही हा आक्षेप होता. पेपरमध्ये हा फरक सांगितलेला आहे, पण बातम्यांत फक्त ५३ टक्के गेले. तुम्ही दोन आकड्यांची तुलना वाचाल तेव्हा आधी विचारा, दोघेही एकच वस्तू मोजताहेत का?

दुसरं भांडण जास्त गंभीर. कोरे रकाने भरले कसे? अनेक ठिकाणी एखाद्या वर्षाचा जुना सर्वे हाती लागतो, वीस वर्षांनंतरचा आणखी एक. मधली वर्षं सरळ रेषेने जोडली जातात. काही ठिकाणी माणशी किती मासे खाल्ले जातात हा आकडा घेऊन तो लोकसंख्येने गुणला जातो. एकूण आकार किती मोठा आहे, हे कळण्यासाठी ही पद्धत चालेल. पण अशा आकड्यांवरून चढ-उतार वाचणं धोक्याचं आहे. लोकसंख्येने गुणून काढलेली पकड लोकसंख्येबरोबर वाढणारच. ती वाढ समुद्रातली की आपल्या गृहीतकातली, हे सांगता येत नाही.

इथे लेखकांची बाजूही मांडायला हवी. १९९६ नंतरची घसरण मुख्यतः मोठ्या, औद्योगिक मासेमारीतून आलेली आहे असं ते दाखवतात, आणि तिथल्या नोंदी तुलनेने बऱ्या आहेत. त्यामुळे दुसरा निष्कर्ष सरळ कोसळत नाही. पण वर्षाला १२ लाख टन हा आकडा ज्या ठामपणे मांडला जातो, तेवढा ठामपणा त्याच्या पायात नाही.

तिसरं भांडण अनिश्चिततेचं. प्रत्येक देशाच्या आकड्याला १ ते ४ गुण दिले आहेत. ४ गुण म्हणजे १० टक्के इकडे-तिकडे, १ गुण म्हणजे ५० टक्के. कल्पना चांगली आहे, निदान अनिश्चितता लिहिली तरी. पण गुण दिले कुणी? ज्यांनी आकडे तयार केले, त्यांनीच. आपलीच उत्तरपत्रिका आपणच तपासण्यासारखं झालं हे. एखाद्या देशाचे आकडे दोन वेगळ्या गटांनी एकमेकांना न विचारता तयार केले असते आणि ते कितपत जुळतात हे दाखवलं असतं, तर मी जास्त विश्वास ठेवला असता.

चौथा वाद या पेपरपेक्षा मोठा आहे. पकड कमी झाली म्हणजे समुद्रातला साठा कमी झाला का? २०१३ मध्ये ‘नेचर’ने यावर दोन लेख समोरासमोर छापले होते. पॉली म्हणाले, पकड हा महत्त्वाचा इशारा आहे. रे हिलबॉर्न आणि ट्रेव्हर ब्रँच म्हणाले, तो दिशाभूल करतो. कडक कोटा लावला तरी पकड घटते, डिझेल महागलं तरी घटते, आणि तेव्हा साठा वाढतही असू शकतो. दोन्ही लेख मिळवून एकाच बैठकीत वाचा. कुठल्याही बाजूला जायची घाई करू नका.

पण आपल्यासारख्या देशांचा प्रश्न वेगळा आहे, हे विसरू नका. संशोधन जहाजावरून दरवर्षी साठ्याची स्वतंत्र पाहणी करणं खर्चाचं काम. अनेक विकसनशील देशांकडे फक्त पकडीचे आकडे असतात, आणि तेवढ्यावरून साठ्याचा अंदाज बांधणारी मॉडेल वापरली जातात. इथे एक बारकावा लक्षात घ्या. नोंद दरवर्षी सारख्याच प्रमाणात कमी होत असेल, तर साठा चांगला की वाईट हे उत्तर फारसं चुकत नाही, फक्त एकूण प्रमाण लहान दिसतं. खरी फसगत होते ती नोंदीचं प्रमाण बदलत गेलं की. समजा एका राज्याने यंदा मोजणी सुधारली आणि पूर्वी न मोजलेली गावं धरली. कागदावर मासळी वाढली, समुद्रात कदाचित घटली. सगळे खूश, आणि आणखी चार ट्रॉलरना परवाने. मोजणी सुधारली की मागचे आकडेही दुरुस्त करायला हवेत, हा आग्रह पॉली-झेलर यांनी सतत धरला आहे. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम तेच.

भारताबाबतीत लगेच नाक मुरडू नका मात्र. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था उतरलेल्या मासळीचा अंदाज शास्त्रशुद्ध नमुना पद्धतीने काढते. केंद्र आणि दिवस यादृच्छिक निवडले जातात, पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ प्रत्यक्ष पाहणी होते, रात्रीच्या होड्यांची माहिती विचारून घेतात. विकसनशील देशांत अशी पद्धत इतकी वर्षं टिकणं ही छोटी गोष्ट नाही. पण ती बंदरावर उतरलेली मासळी मोजण्यासाठी आहे. चिखलातल्या तिसऱ्या तिच्या वाटेत सहसा येत नाहीत. पद्धत चांगली असणं आणि पद्धतीला सगळं दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग पेपरचा निकाल काय? पहिला निष्कर्ष, म्हणजे नोंदीत बरंच सुटलंय, मी मान्य करते. नेमके ५३ टक्के यावर पैज लावणार नाही. दुसरा, घसरणीचा वेग, मी पेन्सिलीने लिहीन. आणि तरीही हा पेपर लिहिला गेला नसता तर आपलं नुकसान झालं असतं, असं म्हणेन. २०२३ मध्ये एफएओनेच ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिशबरोबर लहान मासेमारीवर मोठा अहवाल काढला. त्यात जगातल्या पकडीपैकी किमान ४० टक्के लहान मच्छीमारांची, आणि या व्यवसायातल्या दर दहा माणसांत चार बायका, असं म्हटलंय. हा बदल एका पेपरने झाला असं मी म्हणणार नाही. पण ‘न दिसणारे’ मोजायला हवेत, हे आता वादाचं राहिलेलं नाही.

तुमच्यासाठी काम एवढंच. तुमच्या विषयातला कुठलाही एक तक्ता उघडा आणि त्यातली शून्यं शोधा. प्रत्येक शून्यापुढे लिहा: पाहिलं आणि नव्हतं, की पाहिलंच नाही? हा फरक ज्या तक्त्यावरून कळत नाही, त्यावर मॉडेल चालवायची घाई करू नका. आधी जाऊन बघा. आणि जाताना ओहोटीची वेळ बघून जा.