बागेत शिल्प की शिल्पाची बाग?

विषयाचं नाव जरा जड आहे: शहरी उद्यानात शिल्प, वास्तू आणि हिरवाई यांचा मेळ. शिरूर-दौंडकडं बसून यावर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. आम्हाला उलट वाटतं. नव्या बागा आता तालुक्याच्या गावांतच व्हायच्या आहेत, पुण्यात जागा उरलीय कुठं? आणि होतायत त्या सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. मधोमध चौथरा, चौथऱ्यावर पुतळा, भोवती रेलिंग. पलीकडं लॉन आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. कडेनं पेव्हिंग ब्लॉकचा ट्रॅक, ओपन जिम, फायबरचं हरीण, आणि कचऱ्यासाठी तोंड वासून उभा असलेला पेंग्विन. पेंग्विनचा भीमेशी किंवा घोडनदीशी काय संबंध, हे कुणी विचारत नाही.

यात शिल्प आहे, बांधकाम आहे, हिरवंही आहे. मेळ मात्र नाही. आमची कसोटी साधी आहे. तिन्हींतलं एक काढून घ्या. उरलेली दोन लंगडी पडतात का बघा. वरच्या बागेतला पुतळा उचलून एसटी स्टँडसमोर नेला तर बागेचंही काही बिघडत नाही आणि पुतळ्याचंही नाही. म्हणजे ती तीन कामं होती, तीन टेंडरं होती. एक रचना नव्हती.

जवळचं चांगलं उदाहरण म्हणून पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान घेऊ. सिंहगड रस्त्यावरची ही दहा एकरांची बाग २००६ साली खुली झाली. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या सतराव्या शतकाच्या अखेरीच्या बागेवरून ती बेतलेली आहे. तिथं पुतळे नाहीत. पण दगड कुठं ठेवलाय, पाणी कुठं वळलंय, पूल किती उंच घेतलाय, यातूनच शिल्पाचं काम होतं. वाट मुद्दाम वाकडी आहे. पुढचं दृश्य ती लपवते आणि मग दाखवते. पलीकडची पर्वतीची टेकडीसुद्धा बागेतच असल्यासारखी वाटते. जपानी माळी याला 'शाक्केई' म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. एक पैसा खर्च न करता मिळालेला डोंगर! आमच्या मते या बागेची खरी शिकवण ही आहे, लाल पूल आणि मासे नव्हेत.

तरी आमची तक्रार आहेच. ही बघायची बाग आहे, बसायची कमी. मूळ कोराकुएनमध्ये ऱ्युतेन नावाचा एक मंडप आहे. त्याच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि लोक दोन्ही बाजूंना टेकतात. इमारत कुठं संपली आणि बाग कुठं सुरू झाली, सांगता येत नाही. नक्कल करायचीच तर पुलाची करण्याआधी या मंडपाची करावी.

त्याच शहरात सारसबाग आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं तळं, त्यात बेट, बेटावर गणपती. पुढं तळं बुजलं, बाग झाली. लोक अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. आमच्या कसोटीनं पाहिलं तर तिथलं पाणी काढून घेतलं आणि देवळाचं नावच लंगडं पडलं.

जपानचंच आणखी एक उदाहरण. सापोरो शहराच्या कचरा डेपोच्या जागेवर मोएरेनुमा पार्क आहे. इसामू नोगुची या शिल्पकारानं १९८८ साली त्याचा आराखडा केला आणि त्याच वर्षी तो वारला. बाग पुरी झाली २००५ मध्ये. त्यात शिल्प ठेवलेलं नाही, जमीनच शिल्प आहे. मुलांनी चढायचा एक आख्खा डोंगर त्यानं घडवला, एका बाजूनं दगडी पायऱ्या आणि दुसरीकडून गवताचा उतार. ही कल्पना त्यानं १९३३ सालीच मांडली होती. न्यूयॉर्कनं तेव्हा नाकारली. हाच नोगुची भारतात येऊन दिल्ली-जयपूरच्या जंतरमंतरचे फोटो काढून गेला होता. चढता येणारी वास्तू त्यानं आपल्याकडं पाहिली होती.

आता यवतहून वर भुलेश्वरला चला. भुलेश्वर ही बाग नव्हे, मान्य. पण मेळ म्हणजे काय ते तिथं कळतं. बाहेरून नुसती कोरी भिंत, किल्ला वाटावा अशी. मग अरुंद, अंधारा जिना. वर आलात की काळ्या दगडातलं कोरीव काम एकदम अंगावर येतं. स्त्रीरूपातला गणेश आहे, युद्धाचे प्रसंग आहेत, आणि पुष्कळ मूर्तींचे हात-चेहरे फोडलेले आहेत. जिना नसता तर शिल्पाचा हा धक्का बसला नसता. बाहेर आलात की खाली माळरान. तेही हिरवं नाही! जानेवारीपासून पिवळं पडतं. तरी हिवाळ्यात त्या गवतावर शिकारी पक्षी घिरट्या घालतात आणि ते बघायला लांबून माणसं येतात.

इथं आम्हाला नेमकं बोलायचंय. आपला सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. लॉन म्हणजे उन्हाळ्यात टँकर. मग बागेनं मेपर्यंत पिवळं राहायला काय हरकत आहे? पवन्या गवत लावा, कडुनिंब, चिंच, करंज लावा. बाग पिवळी दिसली की नगरसेवकाला लाज वाटते, ही खरी अडचण.

शिरूर तालुक्याच्या हद्दीवर, टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये, कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आपण सगळ्यांनी पाहिलेत. गोटे फिरवत फिरवत पाण्यानं कातळ कोरला. ती कुकडी पुढं घोडला मिळते, आणि घोडेच्या काठी शिरूर. जुन्या लोकांच्या तोंडी गावाचं नावच 'घोडनदी'. अशा गावात बाग नदीकडं पाठ करून कशी असेल? पायऱ्या थेट पात्रात उतरू द्या. घाट हेच बसायचं ठिकाण, तीच वास्तू, आणि दगड नीट घडवला तर तेच शिल्प. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. १८०९ साली इथं वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला गावकरी 'सत्पुरुष' म्हणून मान देत, अशी गॅझेटियरात नोंद आहे. परक्याच्या थडग्यालाही आपलं करून घेणारं हे गाव. पण आज पुतळ्याची बैठक बसली की पुतळा कुणाचा यावर रात्र जाते. सावली कुठं पडणार हे विचारायला कुणी उरत नाही.

दौंडचं तसंच. १८७८ साली मनमाडची लाइन झाली आणि गाव जंक्शन झालं. रेल्वे म्हटली की जुनं इंजिन चौथऱ्यावर, हे सगळ्यांना सुचतं. आम्ही म्हणू, आधी भीमेकडं बघा. धरणातून पाणी सोडलं की काठ बुडतो. मग बुडणारा भाग बुडण्यासाठीच बांधा. दगडी टप्पे करा, पुराचं पाणी दर वर्षी कुठल्या टप्प्यापर्यंत आलं ते पोरांना मोजू द्या. झाडं पूररेषेच्या वर, आणि ती पहिल्या वर्षीच लावा, उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात नव्हे. दगडाचं काम मागायला लांब जायला नको. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून पाटे-वरवंटे घडवणारे पाथरवट आपल्याकडं अजून आहेत. फायबरच्या हरणाचं बिल निघतं, मग त्यांच्या छिन्नीचं निघायला काय अडचण आहे, हे पुढच्या वेळी सभागृहात कुणीतरी उठून विचारावं.