संगणकाचा पहिला धडा : एक परीक्षण

संगणकाची प्राथमिक ओळख करून देणारे कोणतेही पुस्तक उघडा. पहिला धडा बहुधा एकाच साच्यातला असतो. आरंभी ‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ हे वाक्य, मग व्याख्या, मग आदान, प्रक्रिया आणि प्रदान अशा तीन चौकोनांची आकृती, मग पिढ्यांचा तक्ता, मग संगणकाचे गुण आणि शेवटी लघुरूपांचे विस्तार. छपाई सुधारली, चित्रे रंगीत झाली, फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली. धड्याचा सांगाडा मात्र फारसा हललेला नाही. हा धडा आपण सारेच शिकवतो. मीही अनेक वर्षे शिकवला. तो काय शिकवतो आणि काय शिकवायचे राहते, हे एकेक भाग घेऊन तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम तीन चौकोनांची आकृती घेऊ. ती चुकीची नाही. पण ती पिठाच्या गिरणीलाही तितकीच लागू पडते. धान्य आत, दळण मध्ये, पीठ बाहेर! मग गिरणी आणि संगणक यांत फरक कोणता? गिरणीत गहू टाका की ज्वारी, ती दळण्याचेच काम करणार. संगणक मात्र सकाळी पगारपत्रक करतो, दुपारी चित्र काढतो आणि संध्याकाळी बुद्धिबळ खेळतो. यंत्र तेच, काम निराळे. हे कशामुळे शक्य होते, हा खरा पहिल्या धड्याचा प्रश्न आहे. बाणांच्या आकृतीत त्याचे उत्तर नाही. उत्तर एका वाक्यात असे : काय करायचे याच्या सूचनाही, ज्यावर काम करायचे त्या माहितीप्रमाणेच, संख्यांच्या रूपात यंत्राच्या स्मृतीत साठवलेल्या असतात. सूचना बदलल्या की काम बदलते.

आता पिढ्यांचा तक्ता. पहिली पिढी निर्वात नळ्यांची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी एकात्मिक मंडलांची, असा तो पुढे जातो. हा इतिहास सुट्या भागांचा आहे, कल्पनेचा नव्हे. अमेरिकेत १९४५ साली पूर्ण झालेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. मूळ रचनेत त्याला नवे काम द्यायचे म्हणजे तारांच्या जोडण्या आणि बटणे हाताने बदलावी लागत, आणि त्यात कित्येक दिवस जात. त्याच वर्षी जॉन फॉन नॉयमन यांच्या एका अहवालात सूचना स्मृतीत साठवणाऱ्या यंत्राचा आराखडा मांडला गेला. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठातील एका लहानशा प्रायोगिक यंत्राने २१ जून १९४८ रोजी अशी साठवलेली आज्ञावली प्रथम चालवून दाखवली. त्याच्या स्मृतीत अवघी ३२ घरे होती.

या दोन यंत्रांमधले अंतर संगणकाच्या साऱ्या इतिहासात बहुधा सर्वांत मोठे आहे. पण आपल्या तक्त्यात दोन्ही यंत्रे एकाच रकान्यात, ‘पहिली पिढी’ या नावाखाली बसतात, कारण दोन्हींत निर्वात नळ्याच होत्या! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला आणि १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅकही त्याच रकान्यात जातो. तो मात्र साठवलेल्या आज्ञावलीवर चालणारा होता. तक्ता पाठ करणाऱ्या मुलाला ही गोष्ट कधीच कळत नाही. परीक्षेत गुण मात्र पूर्ण मिळतात.

लघुरूपांच्या विस्तारांविषयी थोडक्यात. काही लघुरूपे माहीत असणे सोयीचे असते. पण प्रश्नमंजूषांतून खुद्द ‘कॉम्प्युटर’ या शब्दाचाही अक्षरागणिक विस्तार विचारला जातो. तो कोणीतरी मागाहून रचलेला आहे. कॉम्प्युटर हे लघुरूपच नव्हे. ‘गणना करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झालेला तो साधा शब्द आहे आणि यंत्रे येण्यापूर्वी तो माणसांसाठी वापरला जाई. हाताने आकडेमोड करण्याच्या कामावर नेमलेल्या व्यक्ती म्हणजे कॉम्प्युटर. एनिॲकच्या जोडण्या प्रथम ज्यांनी आखल्या त्या सहा स्त्रिया अशाच गणनेच्या कामावरून निवडल्या गेल्या होत्या. खोट्या विस्तारापेक्षा ही खरी हकीकत मुलांना अधिक आवडते, असा माझा अनुभव आहे.

धड्यातील सर्वांत घातक वाक्य गुणांच्या यादीत असते : ‘संगणक कधीही चूक करीत नाही.’ काही पुस्तके पुढे ‘चूक झालीच तर ती माणसाची असते’ अशी पुस्ती जोडतात. आज्ञावली माणसेच लिहितात, तेव्हा ही पुस्ती एका अर्थी खरी आहे. पण ज्याच्या हाती उत्तराचा कागद पडतो त्याला तिचा काय उपयोग? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीचा काही भाग एरियान-४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. त्यात एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती. अशा जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ एवढी संख्या मावते. नव्या, अधिक वेगवान अग्निबाणाची संख्या त्यापेक्षा मोठी निघाली. संगणकाने सांगितले तेच केले, आणि तरीही उत्तर चुकले.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. एका शाळेतील आठवीच्या गुणपत्रिका प्रथमच संगणकावर तयार झाल्या होत्या. एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने बेरीज करून पाहिली. एकूण गुण जुळेनात. ती वर्गशिक्षकांकडे गेली. ते म्हणाले, “अगं, संगणकाची बेरीज आहे. ती कशी चुकेल?” मुलगी गप्प बसली. दोन दिवसांनी दुसऱ्या एका पालकांनी तीच तक्रार आणली, तेव्हा उलगडा झाला. तक्त्यात बेरजेचे सूत्र लिहिताना शेवटच्या विषयाचा रकाना धरायचाच राहिला होता. संपूर्ण वर्गाचे गुण चुकले होते. ते वर्गशिक्षक मीच होतो. आणि मी त्या मुलीला जे वाक्य ऐकवले, ते त्याच वर्षी तिच्याच वर्गाला फळ्यावर लिहून दिले होते.

आज प्रवेशाच्या याद्या, शिष्यवृत्तीची पात्रता, बँकेतील खाते अशा कितीतरी बाबतींत यंत्रातून आलेले उत्तर अखेरचे मानले जाते. अशा वेळी ‘ते चुकत नाही’ असे शिकलेले मूल आपली वहीतील बेरीज खोडून टाकते. ‘सीपीयू हा संगणकाचा मेंदू’ ही उपमाही याच समजुतीला खतपाणी घालते. प्रक्रियक संख्या आणतो, मिळवतो, ताडून पाहतो, ठेवतो. तो ज्या मोजक्या क्रिया जाणतो त्या अशाच साध्या असतात. माणसासारखी उत्तरे देणाऱ्या आजच्या आज्ञावल्याही अशाच क्रिया प्रचंड संख्येने करीत असतात. मेंदू म्हटले की मूल त्यात समज आणि हेतू पाहू लागते.

मग पहिला धडा कसा असावा? शाळेत एकच संगणक आहे, तो बंद आहे, वीज नाही, या अडचणी मला ठाऊक आहेत. म्हणून यंत्राशिवाय करता येईल असा एक प्रयोग सुचवतो.

फळ्यावर सात घरे आखा आणि त्यांत अनुक्रमे १५, २६, ३७, ००, २६, १५ या संख्या लिहा. सातवे घर रिकामे ठेवा. एका मुलाच्या हाती पाटी द्या. तो प्रक्रियक. त्याचे नियम असे : पहिल्या घरापासून क्रमाने एकेक संख्या वाचायची. तिचा पहिला अंक म्हणजे क्रिया, दुसरा म्हणजे घराचा क्रमांक. १ म्हणजे त्या घरातील संख्या पाटीवर लिही, २ म्हणजे त्या घरातील संख्या पाटीवरील संख्येत मिळव, ३ म्हणजे पाटीवरील संख्या त्या घरात ठेव, ०० म्हणजे थांब. मुलगा पाचव्या घरातील २६ लिहील, त्यात सहाव्यातील १५ मिळवील, सातव्यात ४१ ठेवील आणि थांबेल. आता दुसऱ्या घरातील २६ पुसून २५ लिहा. तोच मुलगा बेरजेऐवजी २६ ची दुप्पट, म्हणजे ५२, काढून देईल. यंत्र तेच, काम बदलले.

मग दुसरे घर पूर्ववत करा आणि चौथ्या घरात ०० ऐवजी ‘चुकून’ २६ लिहा. मुलगा सातव्या घरात ४१ ठेवील, पण थांबणार नाही. पाटीवर ५६ होतील. मग तो पाचव्या घरातील २६ ही माहिती सूचना समजून पाळील आणि ७१ होतील. सहाव्यातील १५ मुळे पाटीवर पुन्हा २६ येतील. सातव्या घरातील ४१ पाशी तो अडेल, कारण ४ ही क्रिया त्याला शिकवलेलीच नाही. वर्गात हशा पिकतो. तेव्हा विचारावे : दुसऱ्या घरातील २६ आणि पाचव्या घरातील २६ यांत फरक कोणता? आणि चूक कोणाची – मुलाची, की घरे भरणाऱ्याची?

या तासाला व्याख्या लिहून देण्याची गरज पडत नाही. मी आता शेवटची पाच मिनिटे एका वेगळ्या कामासाठी ठेवतो. संगणकावर छापलेले एखादे वीजबिल किंवा गुणपत्रक वर्गात फिरवतो आणि मुलांना पेन्सिलीने त्याची बेरीज करायला लावतो. बहुतेक वेळा ती बरोबर असते.